इंद्राला मारलेली थाप

सोमवार

डॉक्टरने माझी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली आणि घशात आरसा घातला. आजवर पुष्कळांना माझी जीभ ओढावीशी वाटली असेल, जमलं ते या पोराला.

आरसा काढून म्हणाला, "आजी, आजपासून बोलायचं नाही."

मी विचारलं, "किती दिवस?"

"हे बघा, बोललात!"

आवाजाच्या पट्ट्यांवर गाठी झाल्यात म्हणे, बोलून बोलून. म्हणाला, त्या जीवघेण्या नाहीत, पण आवाज जपायचा. कुजबुजायचं नाही, खाकरायचं नाही, हूं की चूं करायचं नाही, मोठ्याने हसायचंही नाही. हसण्याचं काही अडत नाही. सून घरात आली तेव्हापासून मी फारशी हसलेलीच नाही.

बाहेर आले तर सून आत डॉक्टरपाशीच थांबलेली. बऱ्याच वेळाने आली. मी हातानेच विचारलं, काय गं? म्हणाली, "काही नाही आई, औषध कसं घ्यायचं ते विचारत होते." औषध एकच, गरम पाण्याची वाफ. त्यात विचारण्यासारखं काय आहे, पाणी कुठल्या बाजूने गरम करू?

नातीने ही वही आणून दिली. "आज्जी, बोलावंसं वाटलं की यात लिही." माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर कंटाळून पुढे ढकलत गेले म्हणून. लिहिणं म्हणजे दात नसताना चणे खाणं. पण पोटातलं पोटात ठेवून फुगून मरण्यापेक्षा हे बरं.

मंगळवार

घसा गेला म्हणजे कामच गेलं. डोंगराच्या अर्ध्या वाटेवर दगडी ओटा आहे. चढणारा माणूस तिथे दम खायला टेकतो आणि मी त्याला डोंगराची कथा सांगते. माझ्या आधी माझी सासू सांगायची, तिच्या आधी तिची सासू. लेकींना नाही हं, सुनांनाच हा ओटा. लेकी दुसऱ्यांच्या घरी जाऊन तिथल्या गोष्टी सांगतात.

सकाळी सून म्हणाली, "आई, तुम्ही बऱ्या होईपर्यंत मी बसते ओट्यावर."

मी कपाळाला हात लावला. या बाईने लग्न झाल्यापासून माझ्या शेजारी बसून काय केलं, तर "हं" म्हटलं. आमच्या कथेला हं लागतो. प्रत्येक वाक्याला कोणीतरी हं म्हणायचं, नाहीतर डोंगराला वाटतं इथे कोणीच राहिलं नाही, आणि तो उडून जातो. तो हं म्हणायची ही. तोही असा की गिऱ्हाईकाने भाव ऐकून पुढच्या दुकानाकडे बघावं.

तिला कथा लिहून द्यावी म्हणून वही उघडली, तर म्हणाली, "येते मला, आई." सगळं येतं! मग मी हट्टाने लिहितेच. कोणी वाचो न वाचो.

पूर्वी डोंगरांना पंख होते. मनाला येईल तिथे उडायचे, मनाला येईल तिथे बसायचे. कोणाच्या शेतावर, कोणाच्या घरावर. खालची माणसं चिरडायची. मग इंद्र वज्र घेऊन निघाला आणि एकेकाचे पंख छाटत सुटला. आमचा डोंगर तेव्हा पोर होता, वासराएवढा. तो घाबरून एका म्हातारीच्या अंगणात उतरला आणि म्हणाला, मला लपव. म्हातारीने अंगावरची गोधडी काढून त्याच्यावर टाकली. मागोमाग इंद्र आला.

"इथे डोंगर आला का?"

"नाही बाबा."

"मग गोधडीखाली काय?"

"भुसा."

"भुसा थरथरतो कसा?"

"वाऱ्याने."

"वारा तर पडलाय."

"तुझ्या हत्तीने कान हलवले ना आत्ता, त्याचा वारा."

इंद्र गेला. सगळ्या डोंगरांचे पंख गेले, आमच्याचे राहिले. पण तो म्हणाला, म्हातारे, तू माझ्यासाठी देवांच्या राजाशी खोटं बोललीस, आता मी उडणार नाही. बसला तो बसलाच, आणि बसल्या जागी वाढला. दोन्ही बाजूंना ज्या दोन सोंडा उतरतात ते त्याचे मिटलेले पंख. माथ्यावर देऊळ आहे, त्यात मूर्ती नाही, नुसता दगड, आणि त्यावर गोधडी पांघरलेली. ती उचलून खाली काय आहे ते कोणी बघत नाही.

लोक विचारतात, हा डोंगर चढून काय मिळतं? मी म्हणते, पाय दुखतात. मग त्यांचं हसून झालं की खरं सांगते. बाकी ठिकाणी देव माणसाला आसरा देतो. इथे माणसाने देवाला दिला. आणि पंख असून जो बसून राहिला, त्याला एकदा जवळून बघून यावं.

हाताला कळ लागली. बास.

गुरुवार

सुनेची कथा ऐकली. ऐकली कसली, सोसली. आवाज असा की कोणाच्या घरात तान्हं मूल झोपलंय. मागच्या रांगेतला माणूस शेजाऱ्याला विचारतो, "सुरू झाली का?" तेव्हा हिचा इंद्र परत निघाला होता.

हं म्हणायला नातीला बसवलेलं. ती फोनमध्ये बघत हं म्हणते. म्हातारीने विचारलं, "कोण रे तू?" की हिचा हं! हं काय? उत्तर दे की!

मला एवढं बोलावंसं वाटलं की घरी आल्यावर तीन भांडी घासून काढली. ती आधीच घासलेली होती.

शनिवार

मफलर आला होता. डोंगर समितीचा अध्यक्ष. बारा महिने गळ्यात मफलर, म्हणून मी ठेवलेलं नाव. खरं नाव त्याच्या आईलाही आठवत नसेल.

"मावशी, तब्येतीला जपा. तुम्हाला आता दगदग नको." मी भुवई वर केली. मावशी म्हणून कोणी सुरुवात केली की खिशावर हात ठेवावा. तेवढ्यात त्याने पिशवीतून डबा काढला. यंत्र. बटण दाबलं की कथा सांगतं. ओट्यावर खांब उभा करून त्यावर बसवायचं. बटण दाबून ऐकवलंही.

आवाज बाईचा, मधाळ. बसस्थानकावर गाडी लागल्याचं सांगतात ना, तसा. वाटलं आता म्हणेल, पंख असलेला डोंगर फलाट तीनवर येत आहे. आणि कथा तरी धड असावी? यांच्या कथेत म्हातारी खोटं बोलतच नाही! "वृद्धेने भक्तिभावाने प्रार्थना केली आणि इंद्रदेव प्रसन्न झाले." मी हातानेच विचारलं, थाप कुठे गेली?

मफलर म्हणाला, "मावशी, पवित्र डोंगर आहे. त्याच्या पायाशी खोटं बोलणं शोभतं का? समितीचं एकमत झालंय."

पायाशीच तर आहे ते! ती थाप काढली तर त्यावरचा डोंगर उभा कशावर राहणार? हे सगळं मला त्याला सुनवायचं होतं. चांगलं घोळवून, त्याच्या आजोबांपासून सुरुवात करून. आणि मी नुसती माशासारखी तोंड उघडून बसले.

तेव्हा सून बोलली. माझ्यादेखत पहिल्यांदाच कोणा परक्या पुरुषाला बोलली. "भाऊजी, यंत्र बसवण्याआधी समितीने एकदा ओट्यावर येऊन कथा ऐकावी. आवडली नाही तर खुशाल बसवा."

मफलर खूश. "उद्याचा सोडून पुढच्या रविवारी येतो सगळे. एकदा यंत्र ऐकू, एकदा वहिनी. काय ते तिथेच ठरवू."

तो गेल्यावर मी डोकं धरून बसले. नातीच्या जुन्या पाटीवर लिहून दिलं, "तोवर माझा घसा बरा होईल ना?" सून म्हणाली, "आई, वाफ घ्या."

रविवार

आज एक नवीनच तमाशा.

सुनेचं चाललेलं आणि मी शेजारी बसून तिच्याकडे डोळे वटारून बघत होते. एक बाई पुढे आली, नातीला हळूच विचारलं, "या बोलत नाहीत का?" नात म्हणाली, "नाही, त्यांचं मौन आहे." तिने खरं तेच सांगितलं. पण बाईने एकदम माझे पाय धरले.

मी पाय ओढून घेतले. तिला वाटलं, केवढा विरक्तपणा! मी कपाळाला आठ्या घातल्या, तर मागची म्हणाली, "तेज बघा चेहऱ्यावर." अहो, पित्त आहे ते! हात हलवून चला निघा म्हटलं, तर ओळीने सगळे त्या हाताखाली डोकं घालून गेले. एकाने पोरीचं लग्न जमत नाही म्हणून सांगितलं. मी नकाराची मान हलवली, मला काय विचारतोस या अर्थाने. तो म्हणाला, "म्हणजे ते स्थळ नकोच ना? मलाही तसंच वाटत होतं." आणि खूश होऊन गेला.

आयुष्यभर खरं बोलले तर लोक म्हणाले तोंडाळ. तोंड बंद केलं तर संत. घ्या.

बुधवार

परत डॉक्टर, परत आरसा. आणखी काही दिवस मौन. म्हणाला, "आजी, घाई करू नका. घरात बोलण्यापुरता आवाज तर नक्की येईल." चांगलं आहे. आधी घरात, मग ओट्यावर, टप्प्याटप्प्यानेच व्हायचं ते.

मुलगा दूरच्या नोकरीवर असतो. महिन्यातून एकदा फोन करायचा, तोही बायको ओरडली की. आता रोज करतो. मी बोलू शकत नाही हे माहीत असून करतो. पलीकडून नुसता म्हणतो, "आई, ऐकतेयस ना?" मला बोलता येत नाही तेव्हाच याला आई आठवली, म्हणजे याचीही सोय बघा.

नातीने आणखी चार वह्या आणून ठेवल्या. मी लिहून विचारलं, एवढ्या कशाला? म्हणाली, "स्वस्त मिळाल्या." हिला कधीपासून स्वस्त महाग कळायला लागलं?

शुक्रवार

सुनेला शिकवायचं ठरवलं. समोरच्या खोलीत तिला उभी केली, मी बाजेवर बसले. आवाज कमी झाला की मी ताटावर पळी आपटायची, असं ठरलं. पहिल्या वाक्यालाच आपटली. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला शेजारीण विचारायला आली, "कोणाचं काही आहे का घरात?"

संध्याकाळी ओट्यावर निराळाच घोटाळा. ही कथा सांगत होती आणि हिच्या पदराचं टोक शेजारच्याच्या चहात बुडत होतं. मी हातवारे केले, पदर, पदर! हिने माझ्याकडे पाहिलं आणि न थांबता म्हणाली, "मग म्हातारीने इंद्रापुढे असे दोन्ही हात झटकले." आणि माझ्यासारखेच हात झटकले! मी रागाने गुडघ्यावर थाप मारली. "आणि गुडघ्यावर थाप मारून म्हणाली." लोक हसले. हं म्हणाले, सगळे मिळून, नातीची गरजच पडली नाही.

पदर मात्र चहातच होता.

घरी येऊन पाटीवर लिहिलं, "कथेत स्वतःचं घालायचं नाही." ती वाचून म्हणाली, "तुमचंच घातलं, आई."

उलट बोलायला शिकली. एवढ्या वर्षांत शिकली नाही ते माझा घसा गेल्यावर.

रविवार

आज समिती आली.

मफलरने खांबावर नाही तरी एका स्टुलावर यंत्र मांडलं. दुपार कलली होती, चढून आलेली माणसं बरीच होती. बटण दाबलं. "प्राचीन काळी पर्वतांना पंख होते." लोकांनी सवयीने हं म्हटलं. यंत्राने वाट पाहिली नाही, हं तुडवून पुढे गेलं. मग लोक गप्पच झाले. एका आजोबांनी मधेच विचारलं, "म्हातारी एकटीच राहायची का हो?" यंत्र म्हणालं, "वृद्धेने भक्तिभावाने प्रार्थना केली." आजोबा चपला शोधायला लागले.

मी खूश. पण माझ्या खुशीला फार अर्थ नव्हता, कारण आता सून उभी राहिली. पदर तेवढा खोचला तिने, चहापासून लांब. मी मनात म्हटलं, गेला आपला ओटा. माझ्या सासूला वर जाऊन काय सांगू?

सुरुवात बरी केली. आवाजही पोचत होता. डोंगर घाबरून पळत आला. आणि मग ही म्हणाली, "तो एका सुनेच्या अंगणात उतरला."

म्हातारीची सून केली! मी ताडकन पाहिलं. तिने माझ्याकडे बघायचं टाळलं.

"सुनेने त्याच्यावर गोधडी टाकली. इंद्र आला. म्हणाला, गोधडीखाली काय आहे?"

"हं," लोक म्हणाले.

"सून म्हणाली, सासूबाई आहेत माझ्या."

आधी कोणी हं म्हणेना. मग एकेक मुंडी माझ्याकडे वळली.

"इंद्र म्हणाला, एवढ्या मोठ्या? ती म्हणाली, झोपल्यात म्हणून लहान दिसतायत."

हं!

"मग अशा थरथरतायत का? म्हणाली, स्वप्नात कोणाची तरी खरडपट्टी काढतायत. इंद्र म्हणाला, मी गोधडी उचलून बघतो. सून बाजूला झाली. म्हणाली, बघा. पण जाग्या झाल्या तर मी मधे पडायची नाही. तुम्ही आहात, तुमचं वज्र आहे, आणि त्या आहेत."

लोक असे हसले की खालच्या वळणावरची माणसं थांबून वर बघायला लागली. मी रागाने डोळे वटारले. ते बघून आणखी हसले. मी हसले नाही. घशाला मनाई आहे. खांदे हलत होते ते वाऱ्याने.

"इंद्राने वज्र काखोटीला मारलं. हत्तीला म्हणाला, चल, इथे डोंगर नाही. जाता जाता मात्र विचारलं, बाई, अशी किती दिवस झाकून ठेवणार आहेस? ती म्हणाली, माझ्यात जीव आहे तोवर."

या वाक्याला तिचा आवाज बसला. बघा, एवढ्यात थकली. मी तर दिवसातून दहादा सांगायचे.

कोणी हं म्हटला नाही. पण कोणी चपलाही शोधल्या नाहीत. सगळे वर माथ्याकडे बघत बसले.

मफलर म्हणाला, "पण वहिनी, हे मूळ कथेत नाही. आणि खोटं बोलणं तर आहेच, उलट वाढलं." समितीतले एक जाडजूड गृहस्थ नाक शिंकरत होते. म्हणाले, "राहू दे रे. मला माझ्या आईची आठवण आली." त्यांची आई मला माहीत होती. तिला बघून इंद्रच काय, हत्तीही पळाला असता. बाकीच्यांनीही माना हलवल्या, आणि मफलरने स्टुलावरचं यंत्र उचलून पिशवीत घातलं. आता ते खाली नळापाशी लावणार आहेत. पाणी जपून वापरा म्हणून सांगेल. मधाळ आवाज आहे, नळाला शोभेल.

घरी येताना मी सुनेकडे बघितलंही नाही. चारचौघांत मला गोधडीखाली घातलं! जेवताना ताट जरा जोरात ठेवलं तिच्यापुढे. पण भरून ठेवलं.

गुरुवार

मौन सुटलं.

डॉक्टर म्हणाला, "आजी, बोला काहीतरी." एवढ्या दिवसांचं साठलेलं, म्हटलं आता धबधबा पडणार. तोंड उघडलं तर रिकाम्या डब्यात उंदीर फिरावा तसा आवाज. मी म्हटलं, "हा कोणाचा?"

"तुमचाच. आता एवढाच राहील. जपलात तर घरात बोलायला पुरेल. ओट्यावर मात्र नाही."

मी सुनेकडे पाहिलं. ती भिंतीवरचं घशाचं चित्र बघत होती. जन्मात घसा पाहिला नसावा अशी.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मला काय सांगत होतीस, वाफ घ्या?"

"वाफ चांगलीच असते, आई."

सगळ्यांना ठाऊक होतं म्हणजे. मुलाला, नातीला. मी एकटीच टप्प्याटप्प्याने बरी होत होते. खोटारडी आहे सून. त्यातही सफाईदार. आमच्या घराण्यात एवढी सफाई कोणाला नव्हती, माझ्या सासूलाही नव्हती.

शुक्रवार

सकाळी चढून गेले. गुडघे शाबूत आहेत, त्यांना कोणी आरसा लावलेला नाही अजून.

सून ओट्यावर बसलेली, समोर पाच-सहा माणसं. मला बघून ती उठली आणि माझी जागा झटकायला लागली. तिला वाटलं, मी बसायला आले. मलाही अर्ध्या वाटेपर्यंत तसंच वाटत होतं.

मी तिला म्हटलं, "बस खाली."

"पण आई..."

"बस म्हणते ना. आणि तो इंद्र तुझा फार लवकर परत जातो. देवांचा राजा आहे, असा दोन वाक्यांत हलत नसतो. त्याला जरा उभा कर. उन्हात ठेव. संशय येऊ दे त्याला."

एवढं बोलण्यात अर्धा आवाज संपला. पुढचा अर्धा दिवसभरासाठी ठेवून मी तिच्या शेजारी टेकले. तिने पदर सावरला आणि सुरू केलं.

आज इंद्र पुष्कळ वेळ उभा राहिला. चांगला घामाघूम झाला.